गोठ्यातलं वर्कशॉप आणि थ्री फेजची लाईन: जून ते ऑक्टोबर

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आता बऱ्याच घरांमागचे गोठे रिकामे आहेत, आमचाही सहा वर्षं तसाच पडून होता. जानेवारी २०२४ मध्ये मी नोकरी सोडली आणि तिथे लाकडाचं काम सुरू केलं. पाट, चौरंग, लहान देव्हारे, चतुर्थीच्या आधी माटोळीच्या (गणपतीवर फळं-फुलं टांगायच्या) चौकटी. बाबांची हत्यारं होतीच, रंधा, पटाशा, गिरमिट, वाकस, सगळी तेल लावून ठेवलेली. पण फणसाची फळी हाताने चिरायची म्हटलं की एका पाटाला अर्धा दिवस जातो, म्हणून फेब्रुवारीत २६,००० रुपयांना एक जुनं टेबल सॉ (टेबलात गोल पातं बसवलेली विजेची करवत) घेतलं, २ एचपीची सिंगल फेज मोटर, आणि सोबत एक जुनं उभं ड्रिल मशीन.

हे सगळं लिहायचं कारण असं की मी जेव्हा माहिती शोधत होते तेव्हा कुठलं मशीन घ्यावं यावर ढीगभर सापडत होतं, पण मशीन लावायच्या आधी घराची विजेची लाईन कशी बघायची, कोणाला बोलवायचं, वीज कचेरीत काय काय मागतात, किती दिवस जातात हे आपल्या भाषेत सलग कुठेच सापडलं नाही. मी क्रम उलटा केला, आधी मशीन घेतलं आणि नंतर लाईन बघितली. तुम्ही करू नका.

सुरुवातीला मी काय करत होते ते आधी सांगते. स्वयंपाकघरातल्या १६ ॲम्पच्या पॉइंटवरून २५ मीटरचं एक्स्टेन्शन, गोल ड्रमवर गुंडाळलेलं, अंगणातून गोठ्यापर्यंत. लागेल तेवढंच सोडायचं, बाकीचं ड्रमवरच. सॉ चालू केलं की घरातली ट्यूब एक क्षण मंद व्हायची, आई आतून ओळखायची की आता मशीन लागलं. तासभर काम झालं की ड्रम गरम लागायचा, मला वाटायचं उन्हामुळे.

१४ मे. दुपारी वारा सुटला, वळवाचा पाऊस येणार असं आभाळ, आणि फळी अर्धी चिरलेली असताना लाईट गेली. मी फळी बाजूला काढली आणि चहाला आत गेले, सॉचा स्विच बंद करायचं डोक्यातच आलं नाही, कारण मशीन तर थांबलेलंच होतं ना. वीस-पंचवीस मिनिटांनी लाईट आली आणि गोठ्यातून पात्याचा आवाज. मी धावत गेले तर माझी भाची, नऊ वर्षांची, दारात उभी होती, भुसा गोळा करायला झाडू घेऊन. अजून चार पावलं आत गेली असती तर ती टेबलाशी पोचली असती. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून लाईट गेली की आधी पिन काढायची असा नियम केला, पण नियम माणूस विसरतो हे मी आदल्याच दिवशी बघितलं होतं.

मग ९ जून. पाऊस लागून झाला होता, गोठ्याची जमीन घामेजलेली, आणि मी अनवाणी. ड्रिल मशीनच्या खांबाला डावा हात लागला आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या. झटका असा नव्हे, मुंग्याच. पुन्हा बोटाची मागची बाजू लावून बघितली, पुन्हा तेच. (असं बघू नये, हे मला नंतर कळलं.) मशीन बंद केलं, पिन काढली आणि त्या दिवशी काम थांबवलं ते थांबवलंच.

११ जूनला वायरमन काका आले. बाबांच्या ओळखीचे, लायसन असलेले. हे लायसनचं महत्त्वाचं आहे, कारण पुढे कचेरीत टेस्ट रिपोर्ट लागतो आणि तो लायसनवाल्या कंत्राटदाराच्याच सही-शिक्क्याचा लागतो, त्यामुळे पहिल्या दिवसापासून तसाच माणूस धरा. मी त्यांना थेट ड्रिल मशीनकडे नेत होते तर ते म्हणाले, "बाय, आदीं अर्थिंग पळोवया, मशीन मागीर." (आधी अर्थिंग, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी वाट, बघूया, मशीन नंतर.)

स्वयंपाकघरातला तो १६ ॲम्पचा पॉइंट त्यांनी उघडला. आत लाल, काळी आणि हिरवी अशा तिन्ही वायरी नीट स्क्रूला लावलेल्या, मला वाटलं सगळं ठीक आहे. मग ते हिरव्या वायरीचा माग काढत मुख्य बोर्डापर्यंत गेले, लाकडी बोर्ड भिंतीपासून सोडवला, आणि मागे मुंग्यांनी आणलेल्या मातीत ती हिरवी वायर होती, टोकाला काळी टेप गुंडाळून स्वतःभोवतीच वेटोळं करून ठेवलेली. "ही वायर खंयच वचना," ते म्हणाले, म्हणजे कुठेच जात नाही. बाहेर भिंतीलगत जमिनीत जाणारी जी जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) तार होती ती मी हाताने ओढली तर हातातच आली, खालचा भाग गंजून संपला होता. म्हणजे किती वर्षं आम्ही तीन पिनांचा पॉइंट वापरत होतो आणि तिसरी पिन नुसती शोभेची.

मग त्यांनी ड्रिल मशीन क्षणभर चालू करून मीटरचं एक टोक खांबाला आणि दुसरं ओल्या जमिनीला लावलं. १०४ व्होल्ट. जुन्या मोटरच्या आत दमट भुसा साचला की थोडा करंट बॉडीवर येतो, अर्थिंग असेल तर तो जमिनीत निघून जातो, नसेल तर वाट बघत बसतो, कोणीतरी हात लावेपर्यंत. मुंग्या आल्या म्हणजे नशीब, असं ते म्हणाले. साधारण १० ते १५ मिलीॲम्पच्या पुढे मुठीचे स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सुटतच नाही. माझा समज होता की एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, आहे म्हणजे शॉक लागला तर लाईट जाईल. पण १६ ॲम्पची एमसीबी म्हणजे १६,००० मिलीॲम्प. ती असते वायर जळू नये म्हणून, माणसासाठी नाही. माणसासाठी आरसीसीबी, ३० मिलीॲम्पची. जाणारा करंट आणि परत येणारा करंट यात तेवढा फरक पडला की ती लाईन तोडते, सेकंदाच्या एका लहान हिश्श्यात. आमच्या घरात ती नव्हतीच.

ड्रमचं गणित त्यांनी मला वहीत करून दाखवलं आणि ते मी कधी विसरणार नाही. २ एचपी म्हणजे १,४९२ वॅट, पण हे मोटर बाहेर किती काम देते ते, लाईनमधून ती घेते त्याहून जास्त, साधारण २ किलोवॅट, म्हणजे ११ ॲम्पच्या आसपास. माझ्या एक्स्टेन्शनची वायर १ चौरस मिलीमीटरची, २५ मीटर जाऊन २५ मीटर परत, त्याचा रोध जवळजवळ १ ओहम. ११ चा वर्ग १२१, म्हणजे १२० वॅटची उष्णता त्या वायरीत. वायर जमिनीवर पसरलेली असेल तर ती उष्णता निघून जाते, ड्रमवर गुंडाळलेली असेल तर सगळी तिथेच कोंडते. ड्रमच्या मधोमध शंभराचा जुना पिवळा बल्ब लावून ठेवल्यासारखं. त्यांनी ड्रम उलगडला तेव्हा सगळ्यात आतल्या फेऱ्यांची वायर एकमेकींना चिकटली होती. आणि मोटर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते, तेव्हा त्याच वायरीत ५०-६० व्होल्ट खाल्ले जायचे, म्हणून मोटर घरघरत उठायची. मला वाटायचं जुनी आहे म्हणून. त्यात संध्याकाळी आमच्याकडे मुळातच व्होल्टेज २०० च्या आसपास येतं, आणि व्होल्टेज कमी मिळालं की अशी मोटर तेवढंच काम करायला जास्त करंट ओढते आणि तापते.

त्या दिवशी ठरलं की गोठ्याला वेगळी लाईन, वेगळा मीटर, वेगळं अर्थिंग. घराच्या मीटरवरून धंद्याचं काम करायचं नाही हेही त्यांनीच सांगितलं. घरगुती कनेक्शन धंद्याला वापरणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर धरला जातो आणि आकारणी दुप्पट दराने होते. चार महिने मी तेच करत होते, ते चुकीचंच होतं.

घरच्या अर्थिंगचं काम मात्र पुढच्या आठवड्यातच करून घेतलं, कनेक्शनची वाट न बघता. ते कशासाठीच थांबवू नका.

लोडची यादी करायला दोन संध्याकाळी गेल्या. प्रत्येक मशीनची पाटी बघून लिहायचं: सॉ २ एचपी, पुढे घ्यायचा रंधा मशीन २ एचपी, भुसा ओढायचं मशीन १ एचपी, कॉम्प्रेसर २ एचपी, ड्रिल अर्धा एचपी, वर दिवे, पंखे, हातातली मशीनं. सगळं जोडलं तर सात किलोवॅटच्या वर गेलं. पण मी एकटी काम करते, एका वेळी एक कापायचं मशीन आणि भुसा ओढायचं मशीन, फार तर त्यात कॉम्प्रेसर मधेच सुरू होईल. मंजूर भार जितका जास्त तितका महिन्याचा स्थिर आकार जास्त, म्हणून उगाच फुगवून लिहायचं नाही, पण कमी लिहून नंतर पुन्हा फेऱ्या मारायच्याही नाहीत. आम्ही ७ किलोवॅट थ्री फेज लिहिलं. तुमच्या घराचा मंजूर भार बिलावरच छापलेला असतो, मी तो आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा वाचला.

थ्री फेज, म्हणजे एकाऐवजी तीन जिवंत तारांची लाईन, का, हा प्रश्न मलाही होता, कारण माझी मशीनं तर सिंगल फेजची. एक म्हणजे सॉ एका फेजवर, भुशाचं मशीन दुसऱ्यावर, कॉम्प्रेसर तिसऱ्यावर टाकता येतं, एकाच्या सुरू होण्याने दुसऱ्याचा जीव जात नाही. दुसरं, पुढे थ्री फेज मोटर घेतली तर ती कपॅसिटरशिवाय चालते, सुरू होताना त्रास देत नाही. पण कुठल्याही दोन फेजच्या तारांमध्ये ४१५ व्होल्ट असतात हे लक्षात ठेवायचं, आणि न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी सामाईक तार, सैल राहता कामा नये. थ्री फेजमध्ये न्यूट्रल तुटला तर २३० च्या पॉइंटवर त्याच्या कितीतरी वर व्होल्टेज येऊ शकतं आणि वस्तू जळतात. काकांनी न्यूट्रलचा प्रत्येक स्क्रू दोनदा आवळला, मीही आता दर सहा महिन्यांनी त्यांच्याकडून बघून घेते.

२४ जूनला पहिल्यांदा वीज कचेरीत गेले. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे सगळी यादी सांगितली, मी फोनमध्ये लिहून घेतली: अर्ज, ओळखपत्र, घरपट्टीची पावती, एक-चौदाचा (जमिनीच्या मालकीचा) उतारा, पंचायतीचा ना हरकत दाखला, टेस्ट रिपोर्ट, धंद्याची नोंदणी. उद्यमची (लहान धंद्यांची सरकारी) नोंदणी ऑनलाईन होते आणि फुकट होते, कोणी त्याचे पैसे मागत असेल तर देऊ नका.

माझी गाडी अडली ती घरपट्टीवर. पावती अजून आजोबांच्या नावावर, ते जाऊन एकोणीस वर्षं झाली. एक-चौदावर आजोबांची आणि त्यांच्या दोन भावांची नावं. गोव्यात हे घरोघरी आहे, कोणाला वेगळं सांगायला नको. म्हणजे बाबा, दोन काका आणि एक आत्या, सगळ्यांची संमती हवी. एक काका वास्कोला, दुसरे मुंबईला, आत्या डिचोलीला. प्रतिज्ञापत्र करायचं, नोटरी करायची, प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत जोडायची. वास्कोच्या काकांनी सही करायच्या आधी विचारलं, "उद्या जमिनीचं काही होणार नाही ना यातून?" प्रश्न रास्त होता. मी मसुदा घेऊन समोर बसले, एकेक ओळ वाचून दाखवली, त्यात स्पष्ट लिहिलं की ही संमती फक्त विजेच्या जोडणीपुरती आहे. मग त्यांनी सही केली आणि जेवल्याशिवाय सोडलं नाही. तुमच्याकडेही सामाईक घर असेल तर ही ओळ आधीच घाला, फोनवर सही मागू नका, जाऊन भेटा. मुंबईचे काका चतुर्थीला येणार होते पण तेवढं थांबणं शक्य नव्हतं, त्यांनी तिकडेच नोटरी करून कुरियरने पाठवलं. या सगळ्यात २६ जून ते १ ऑगस्ट गेले. पंचायतीचा दाखला मंडळाच्या बैठकीत ठेवला जातो, त्यामुळे बैठक कधी आहे ते विचारून त्याच्या आधी अर्ज द्यायचा, नाहीतर पुढच्या बैठकीची वाट. मला १४ ऑगस्टला मिळाला.

दरम्यान चतुर्थीच्या ऑर्डरी तोंडावर. सॉ बंद. फळ्या गिरणीवर चिरून आणल्या आणि बाकी सगळं हाताने. बाबा, ज्यांनी गुडघ्यामुळे काम सोडलं होतं, ते रोज सकाळी दोन तास येऊन बसायचे आणि रंधा मारायचे. अकरा पाटांच्या जागी सात झाले. चार जणांना नाही म्हणावं लागलं, त्याचं मला फार वाईट वाटलं. पण त्या महिन्यात बाबांकडून जे शिकले ते मशीनवर कधीच शिकले नसते. बॅटरीची १८ व्होल्टची ड्रिल मशीन तेव्हाच घेतली, आणि माझं मत आता पक्कं आहे की पावसाळ्यात भोकं पाडणं, स्क्रू मारणं या कामांना वायरवालं मशीन हातात घेऊच नये.

१९ ऑगस्टला पूर्ण फाईल दिली. ३ सप्टेंबरला कनिष्ठ अभियंता जागा बघून गेले, खांबापासून अंतर मोजलं, रस्त्याच्या खांबावर तिन्ही फेज आहेत ते बघितलं, लोडची यादी विचारली. यादी मशीनच्या पाट्यांच्या फोटोंसकट तयार होती, त्यामुळे दहा मिनिटांत झालं. ७ तारखेला चतुर्थी, मग सगळंच थांबलं, आमचंही. २० सप्टेंबरला अनामत आणि सर्व्हिस लाईनचे पैसे भरायचं पत्र आलं.

आता अर्थिंगचे खड्डे. थ्री फेज म्हणजे मशीनच्या बॉडीला दोन वेगवेगळ्या वाटांनी अर्थ द्यायचा, म्हणून खड्डेही दोन. पाईप किमान अडीच मीटर खोल गेला पाहिजे. गोठ्यामागे खणायला घेतलं तर दीड फुटावर चिरा (जांभा दगड) लागला, कुदळीच्या ठिणग्या उडायला लागल्या. आमच्याकडचा कोरडा चिरा करंटला नीट वाट देत नाही, त्यात रडतखडत पाईप घालण्यात अर्थ नव्हता. मग वायरमन काकांनी अंगणाच्या खालच्या बाजूला, माडांच्या आळ्यांजवळ जागा बघितली, तिथे माती भुसभुशीत आणि बारा महिने ओल. दोन खड्डे, मध्ये चार मीटर अंतर. जीआय पाईप, भोवती कोळसा आणि मीठ थराथराने, वर पाणी घालायला नरसाळं आणि झाकण. तिथून गोठ्यापर्यंत पट्टी जास्त लांब लागली, खर्च वाढला, पण चिऱ्यात डोकं फोडण्यापेक्षा बरं.

२९ सप्टेंबरला अर्थ टेस्टरने मोजलं, ४.१ ओहम. मी खूश. काका म्हणाले हे पावसातलं मोजमाप आहे, एप्रिलमध्ये पुन्हा मोजायचं, तेव्हा खरं कळेल. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला या सगळ्या प्रवासातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. समजा उन्हाळ्यात तो रोध १० ओहम झाला. फेजची वायर मशीनच्या बॉडीला टेकली तर अर्थिंगमधून किती करंट जाईल? २३० भागिले १०, म्हणजे २३ ॲम्प. माझ्या सॉवर २० ॲम्पची एमसीबी. तेवढ्या करंटला ती लगेच पडणारच नाही, बराच वेळ तशीच राहू शकते, आणि तेवढा वेळ बॉडीवर करंट. अर्थिंग आहे म्हणून निर्धास्त असणारा माणूस इथे फसतो. आरसीसीबीला मात्र २३ ॲम्प म्हणजे डोंगर, ती ३० मिलीॲम्पलाच पडते. म्हणून दोन्ही हवं, एक असलं तर दुसरं नको असं होत नाही.

वायरिंग २३ सप्टेंबरपासून सुरू होतं ते १ ऑक्टोबरला संपलं. सॉला आणि कॉम्प्रेसरला ४ चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर, बाकी पॉइंटना २.५, दिव्यांना १.५. मोटरच्या लाईनला सी प्रकारच्या एमसीबी, कारण बी प्रकारची मोटर सुरू होतानाच्या करंटला उगाच पडते. दिव्यांना मुद्दाम वेगळी आरसीसीबी, म्हणजे मशीनकडे काही होऊन एक पडली तरी अंधार होत नाही. पातं गरगरत असताना अंधार ही कल्पनाच करवत नाही. पॉइंट जमिनीपासून चार फूट वर, भुसा आणि पाणी दोन्हीपासून लांब. आणि सॉला स्टार्टर. हिरवं बटण, लाल बटण, लाईट गेली की तो आपोआप सुटतो आणि लाईट परत आली तरी कोणीतरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन फिरत नाही. २,९०० रुपये. १४ मेच्या दुपारी हे असतं तर मला धावावं लागलं नसतं. तुम्ही बाकी सगळं पुढे ढकललंत तरी हे ढकलू नका.

एक गोष्ट दिव्यांची. जुन्या चोकच्या ट्यूबचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो, आणि पात्याचा वेग त्याच्याशी जुळला तर फिरणारं पातं डोळ्यांना थांबल्यासारखं दिसू शकतं. म्हणून गोठ्यातली ती जुनी ट्यूब काढली आणि न लुकलुकणारे एलईडी लावले, सॉच्या वर एक स्वतंत्र.

३ ऑक्टोबरला टेस्ट रिपोर्ट झाला, ५०० व्होल्टच्या मेगरने सगळ्या वायरींचं इन्सुलेशन तपासून. १२ ऑक्टोबरला दसरा, मीटर अजून यायचा होता. बाबांनी तशीच पूजा केली, जुन्या वाकसाला आणि नव्या डीबीला (एमसीबी, आरसीसीबी बसवलेल्या पेटीला) एकाच ताटातली झेंडूची फुलं. १७ ऑक्टोबरला मीटर बसला, आणि दुपारी सव्वातीनला मी हिरवं बटण दाबलं. मोटर घरघरली नाही. एका दमात उठली. मी लगेच घरात बघितलं, आई म्हणाली, ट्यूब हलली नाही.

खर्चाचा हिशोब: दोन अर्थिंग खणाईसकट १४,५००, डीबी, दोन आरसीसीबी आणि एमसीबी मिळून ९,८००, वायर, पाईप, पॉइंट २१,३००, स्टार्टर २,९००, मजुरी आणि टेस्ट रिपोर्ट १५,०००, प्रतिज्ञापत्रं, नोटरी, झेरॉक्स १,८५०, अनामत आणि सर्व्हिस लाईन १३,४००. एकूण ७८,७५० रुपये. मशीनच्या तिप्पट. हा आकडा आधी माहीत असता तर मी घाबरून सुरूच केलं नसतं कदाचित, पण माहीत असता तर आधी पैसे साठवून नीट क्रमाने केलं असतं, हेही तितकंच खरं.

चालू झाल्यावर चौथ्याच दिवशी, परतीच्या पावसात, आरसीसीबी पडली. वर केली, पुन्हा पडली. गिऱ्हाईक बसलेलं, आणि मनात आलं की तात्पुरती थेट वायर जोडून घ्यावी. काकांना फोन केला तर ते एवढंच म्हणाले की सगळ्या पिना काढ, ती वर कर, आणि एकेक पिन लाव. तिसरी पिन लावताच पडली. हातातल्या ग्राइंडरची जुनी वायर, पिनेच्या गळ्याशी चिरलेली आणि ओली. उद्या तीच माझ्या मुठीत असती. वायर बदलली, दीडशे रुपये. आरसीसीबी पडायला लागली की तिचा राग येतो, पण आधी पिना काढून शोधा. आणि तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्याला एकदा दाबा, मी एक तारीख ठरवली आहे, बाबा कॅलेंडरवर खूण करतात.

मशीन विकत घेताना पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण दिसली तर ते डबल इन्सुलेशनचं, त्याला दोनच वायरी असतात आणि अर्थ लागत नाही, ते दोषी नाही. पण ज्याला तीन वायरी आहेत त्याची तिसरी पिन कापून दोन पिनांच्या पॉइंटमध्ये खुपसायची नाही, कितीही घाई असली तरी. ओढणी, मोकळे केस, बांगड्या मशीनजवळ नाही, आणि सॉवर हातमोजेसुद्धा नाही, पातं मोजा पकडतं आणि हात ओढतं. पायात रबरी तळाचे बूट. वीज चमकायला लागली की डीबी बंद आणि पिना बाहेर.

२२ एप्रिल २०२५ ला काका टेस्टर घेऊन पुन्हा आले. माडांच्या आळ्यातली मातीसुद्धा वरून भेगाळलेली. मोजलं तर ८.६ ओहम, सप्टेंबरच्या दुपटीहून जास्त. नरसाळ्यातून चार कळश्या पाणी घातलं, अर्धा तास थांबलो, चहा झाला, पुन्हा मोजलं, ६.९. आता भाची रोज संध्याकाळी माडांना पाणी घालते तेव्हा एकेक कळशी त्या दोन झाकणांखाली पण ओतते.